समई कुणाच्या मालकीची?

प्रकाशावर कुणाची मालकी नसते, हे वाक्य दरवर्षी निदान दहा दिवाळी अंकांच्या संपादकीयात छापून येते. वाचक मान डोलावतात, फराळाचे ताट पुढे ओढतात आणि पान उलटतात. वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की त्यात कुणाला काही बोचत नाही. मात्र एखाद्या ख्रिस्तमंदिरात वेदीच्या बाजूला पितळी समई तेवते आहे, भाविक पादत्राणे दाराशी काढून सतरंजीवर मांडी घालून बसले आहेत, आणि पाद्रीबाबा क्रुसापुढे ताम्हनात निरांजन घेऊन आरती ओवाळीत आहेत, एवढे नुसते दृश्य कुणी सांगितले की प्रकाशावर एकाएकी मालकी उभी राहते. एक पक्ष म्हणतो, "समई आमची आहे, यांनी ती पळवली." दुसरा म्हणतो, "समई त्यांची आहे. आपल्या पवित्र जागी ती नको." पहिला पक्ष हिंदूंतला, दुसरा ख्रिस्ती मंडळींतला. दोघे एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत, परंतु एका गोष्टीवर दोघांचे संपूर्ण एकमत आहे: समईला मालक असतो!

हे एकमत खोटे आहे, आणि खोटे असूनही ते आपल्या सार्वजनिक जीवनात मुकाट्याने मान्य होत चालले आहे. त्याचा प्रतिवाद करण्यासाठी हा लेख. उदाहरण म्हणून मी इंदूर घेतो, आणि तेही हेतुपूर्वक. सीमाभागातल्या वाचकाला इंदूर परके वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ज्या दिवशी बेळगाव आणि कारवार म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी मध्य भारत हे राज्य विसर्जित होऊन इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले. एकाच तारखेने आपल्याला आणि त्यांना महाराष्ट्राच्या बाहेरचे मराठी ठरवले. फरक असा की आपण भांडत राहिलो आणि इंदूरकर मिसळत गेले. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने पाहिलेले ते शहर आहे. होळकरांच्या पदरी रुळलेली मराठी, माळव्याची माळवी, घराबाहेरची हिंदी आणि आसपासच्या डोंगरांतली भिली, अशा चार बोलींच्या चौकात ते वसले आहे. अशा चौकात देवाशी कोणत्या भाषेत बोलावे आणि त्याच्यापुढे कोणता दिवा लावावा, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

*

इंदुरात ख्रिस्ती धर्म एका वाटेने आला नाही. रेसिडेन्सीच्या आणि महूच्या छावणीच्या गोऱ्या साहेबांसाठी आधी देवळे झाली. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनचे लोक आले. १८८७ चे इंदूर ख्रिश्चन कॉलेज ही त्यांची कामगिरी. पुढे किशोरकुमार याच कॉलेजात शिकला, हे इंदूरकर आजही कौतुकाने सांगतात. १९३२ मध्ये दिव्य शब्द संस्थेचे कॅथलिक धर्मगुरू मध्य भारतात आले. १९५२ मध्ये इंदूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. शहरातल्या लोकांनी मात्र या संप्रदायभेदांत फारसे लक्ष घातले नाही. त्यांनी एका देवळाला पांढरे चर्च म्हटले, दुसऱ्याला लाल चर्च म्हटले, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायला ते पुरेसे ठरले.

या कॅथलिक मिशनऱ्यांत फादर जॉर्ज प्रोक्ष नावाचे एक जर्मन गृहस्थ होते. भिलांच्या मुलुखात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की आपण शिकवलेली युरोपीय स्तोत्रे ही माणसे म्हणतात, पण गात नाहीत. म्हणणे आणि गाणे यांतला फरक ज्याला कळतो त्याला उपासना कळते. प्रोक्ष यांनी इथल्या चाली कानांत साठवल्या, हिंदीत भजने रचली, ख्रिस्तचरित्रावर भारतीय पद्धतीची नृत्यनाट्ये उभी केली आणि पुढे मुंबईत अंधेरीला ज्ञानआश्रम काढला. ख्रिस्ताचा जन्म, त्याचे दुःख, त्याचे पुनरुत्थान हे सारे पदन्यासांतून, मुद्रांतून, दिव्याच्या उजेडातून सांगायचे, असा त्यांचा खटाटोप होता. जर्मनीत जन्मलेल्या माणसाला जे उमगले ते इथे जन्मलेल्या पुष्कळांना अजून उमगलेले नाही.

*

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. ख्रिस्ती समाजातला एक वर्ग, आणि तो लहान नाही, म्हणतो की आरती, समई, कुंकुमतिलक, अंजली ही मूर्तिपूजकांची लक्षणे आहेत. ती आणल्याने श्रद्धा पातळ होते. आपली उपासना पूर्वापार चालत आली तशीच राहिली पाहिजे.

पूर्वापार म्हणजे केव्हापासून? प्रकाश आणि अंधार यांचा ख्रिस्ती उपासनेतला सर्वांत मोठा विधी म्हणजे पास्काच्या आदल्या रात्रीचे जागरण. देवळातले सर्व दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात. त्या अग्नीवर एक मोठी मेणबत्ती प्रज्वलित होते; तिच्यावर त्या चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच कण रोवलेले असतात. ती ज्योत घेऊन एक जण काळोख्या देवळात शिरतो. तीन वेळा थांबतो, तीन वेळा ख्रिस्तरूपी प्रकाशाची घोषणा होते, आणि त्या एका ज्योतीवरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती लागत लागत सारे देऊळ उजळते. असा हा विलक्षण विधी. पण शतकानुशतके तो कधी होत असे? शनिवारी सकाळी! उन्हे खिडक्यांतून आत आलेली असताना पुरोहित रात्रीच्या महतीचे गान गात असे आणि उजेडात उजेड मिरवला जात असे. हा विसंगतपणा १९५१ मध्ये बाराव्या पायस पोपने प्रायोगिक म्हणून दुरुस्त केला आणि काही वर्षांनी रात्रीचा विधी सर्वत्र लागू झाला. म्हणजे ज्याला आपण अनादि परंपरा समजतो तिचे आजचे रूप आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांच्या हयातीतले आहे.

आणखी एक उदाहरण. ख्रिस्तजन्माच्या आधीच्या आठवड्यांत हिरव्या पाल्याच्या कड्यावर एकेक मेणबत्ती लावत जाण्याची प्रथा आज देशोदेशी आहे. ती १८३९ मध्ये हाम्बुर्गच्या योहान विखर्न या पाद्र्याने आपल्या अनाथगृहातल्या मुलांसाठी सुरू केली. नाताळ कधी, नाताळ कधी, असा धोशा लावणाऱ्या मुलांना दिवस मोजता यावेत, एवढाच हेतू. तिला कुणी पाखंड म्हटले नाही. माळव्याच्या उन्हात वाढलेल्या मुलांपुढे सुरूचे झाड उभे करून त्यावर कापसाचा बर्फ पसरतात, त्यालाही कुणी परधर्मी म्हणत नाही. जर्मनीतले झाड चालते, कापसाचा बर्फ चालतो, फक्त शेजारच्या तांबटआळीत घडलेली समई तेवढी चालत नाही! या भूमिकेत श्रद्धेचा भाग किती आणि साहेबी सवयीचा भाग किती, याचा शोध ज्याने त्याने घ्यावा.

रोमचे मत काय, हेही सांगून टाकतो, कारण रोमचे नाव घेऊनच हा आक्षेप पुष्कळदा येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लॅटिनची सक्ती सैल करून लोकभाषांना देवळाची दारे उघडली. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावे पॉल मुंबईला आले. विविध धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी असत्याकडून सत्याकडे आणि अंधाराकडून प्रकाशाकडे नेण्याची बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना आपल्या मुखाने म्हटली. पोपच्या तोंडी उपनिषद चालते आणि आपल्या गावच्या देवळात समई चालत नाही, या अट्टाहासाला काय म्हणावे? २५ एप्रिल १९६९ रोजी तर भारतातील बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमची रीतसर संमती मिळाली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमन करणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती, हे सारे त्यात आहे. बंगलोरला फादर अमलोरपवदास यांनी १९६७ मध्ये उभ्या केलेल्या राष्ट्रीय केंद्राने पुढे या गोष्टींचा हिरिरीने प्रसार केला. तेव्हा आक्षेप घ्यायचा तर खुशाल घ्यावा, परंतु रोमच्या नावाने घेऊ नये.

आणि आपल्या मराठीला तर रोमच्या संमतीची वाट पाहावी लागलीच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणे सुटल्याची रुखरुख होती. ती त्याने ओळखली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते राशोळला छापले गेले. ओवी ही ज्ञानदेवांची. ती त्याने परकी मानली नाही आणि ओवीनेही त्याला परके मानले नाही. पुढे काय झाले? १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम सोडला. प्रकाश आणि अंधार यांची गोष्ट हवी असेल तर ती या अडुसष्ट वर्षांत आहे. दिवा लावणाराही ख्रिस्तीच होता आणि फुंकणाराही ख्रिस्तीच. सीमाभागातल्या वाचकाला भाषेवरचे हुकूम काय करतात हे निराळे सांगायला नको.

*

दुसरा आक्षेप हिंदूंच्या बाजूचा. तो असा की हे सारे सोंग आहे. भगवी शाल, आरती, आश्रम ही भोळ्या माणसाला जाळ्यात ओढण्याची आमिषे आहेत.

या आक्षेपाला हसण्यावारी नेणाऱ्यांतला मी नाही. त्याला इतिहास आहे. सतराव्या शतकात मदुरेला रॉबर्टो दि नोबिली या इटालियन जेझुइटाने संन्याशाचा वेष घेतला, उच्चवर्णीयांचे आचार पाळले आणि खालच्या जातीच्या ख्रिस्तींपासून अंतर राखले. त्याच्या विद्वत्तेबद्दल आदर बाळगूनही हे अंतर मला खटकते. आपल्या मध्य प्रांतात न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या कामावर कडक अहवाल दिला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने बळाने, आमिषाने किंवा फसवून होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला, १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि २०२१ मध्ये त्याजागी अधिक कठोर कायदा आला. या कायद्यांच्या गुणदोषांवर स्वतंत्र वाद होऊ शकतो. माझा मुद्दा निराळा आहे. बळ, आमिष आणि फसवणूक यांची चौकशी करायला पोलीस आहेत, न्यायालये आहेत. मात्र समई हा पुरावा नव्हे. एखाद्याने कुणाला पैसे देऊन बाटवले असेल तर त्याचा गुन्हा पैशात आहे, दिव्यात नाही.

मग सोंग आणि साधना यांतला फरक कसा ओळखायचा? एक साधी कसोटी सांगतो. पाहायला बाहेरचे कुणी नसताना तो माणूस तसाच दिवा लावतो का? रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ही कसोटी लावून पाहा. १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाकडून त्यांच्या हाती नवा करार पडला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडले, गोत तुटले. त्यानंतर त्यांनी जे लिहिले ते साहेबी स्तोत्रांची भाषांतरे करून थांबले नाही. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तने केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. हे कुणाला भुलवण्यासाठी? ज्या मिशनच्या पगारावर ते होते त्यातल्या अनेकांना तर अभंग आणि टाळ यांचेच वावडे होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असे दोघेही ख्रिस्तभक्त तिथे एका पंगतीला बसू शकत. ९ मे १९१९ रोजी ते गेले. संख्या वाढवण्यासाठी आमिष दाखवणारा माणूस नोकरी सोडून संन्यास घेत नाही. अभंग हा त्यांचा वेष नव्हता. तो त्यांचा श्वास होता. आईच्या तोंडून ऐकलेल्या लयीखेरीज दुसऱ्या लयीत त्यांना प्रार्थना जमलीच नसती. त्यांचे अर्धे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' लिहिणारी ही बाई ख्रिस्तकथाही ओवीतच सांगते, कारण तिच्या जात्यावर दुसरे काही दळलेच गेले नव्हते.

खेदाची गोष्ट अशी की टिळक आम्ही शाळांत शिकवतो ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून. फुले आली, मुले आली; ज्याच्यासाठी त्या माणसाने घरदार सोडले तो ख्रिस्त मात्र वर्गाच्या बाहेर उभा. क्रिस्तपुराणाचे नाव मराठी भाषेच्या स्तुतीपुरते घ्यायचे आणि ते कुणाचे पुराण आहे हे सोयीस्कर विसरायचे. इतरांवर दिवे पळवल्याचा आरोप करणारे आपण, आपल्याच वाङ्मयातले दोन दिवे काजळी धरेपर्यंत कोनाड्यात ठेवून देतो, याची लाज कुणाला वाटावी?

*

तिसरा आक्षेप या दोहोंपेक्षा भारी आहे, आणि तो क्वचितच मोठ्याने बोलला जातो. १९८१ मध्ये बंगलोरला अरविंद निर्मल यांनी दलित ख्रिस्ती विचाराची पहिली ठिणगी टाकली. तेव्हापासून दलित ख्रिस्ती विचारणारे विचारतात: भारतीयकरण म्हणजे कुणाचे भारत? समई कुणाच्या घरात होती? संस्कृत श्लोक कुणाच्या कानांत शिसे ओतून राखले होते? ज्या देवळाच्या पायरीवरून आमच्या आज्याला हाकलले, त्याच देवळाची पितळ तुम्ही आता आमच्या वेदीवर आणून ठेवता आणि त्याला सर्जनशील उपासना म्हणता?

याला उत्तर देताना पंडिती खुबी कामाला येत नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून जे हजारो लोक ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महारमांग. त्यांच्या घरी समई नव्हती. रॉकेलची चिमणी होती. त्यांच्याकडे शंख नव्हता. हलगी होती, एकतारी होती, टाळ होते. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले ते याच श्रोत्यांसमोर. तेव्हा मुंबई-बंगलोरच्या परिसंवादात ठरवून, वरून पाठवलेली सुबक समई ही त्यांना दुसऱ्यांदा परकी वाटली तर चूक त्यांची नाही. 'उपासनेत देशी काय आणावे' हे ठरवण्याचा अधिकार उपासकांना आहे, तज्ज्ञांना नाही. भिलांच्या पाड्यात ढोल आणि मांदळ, नगरच्या वस्तीत हलगी, वसईत तिथल्या वाडवळी-सामवेदी घरातली गाणी, इंदूरच्या मराठी कुटुंबात टिळकांचा अभंग, आणि जिथे समई खरोखर घरात असते तिथे समई. दिवा पितळेचा की पत्र्याचा हा प्रश्न गौण आहे. तो कुणाच्या हाताने लागला, हा प्रश्न मुख्य.

त्यातही आणखी एक काळोख आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. सरकार म्हणते, ख्रिस्ती धर्मात जात नाही. पुस्तकात नाही हे खरे. परंतु देशात अनेक ठिकाणी दलित ख्रिस्तींची बसण्याची जागा वेगळी आणि दफनाची जागाही वेगळी राहिली आहे, ही गोष्ट चर्चच्या धुरिणांनीच वेळोवेळी कबूल केली आहे. ज्या देवळात दोन दफनभूमी आहेत तिथे पास्काच्या रात्री एका ज्योतीवरून हजार मेणबत्त्या लावण्याचा अर्थ काय? तिथे सर्जनशीलता दाखवायचीच असेल तर ती आधी कुंपण मोडण्यात दाखवावी. आरतीचे नंतर पाहू.

दिखाऊपणाबद्दल आम्हा हेडमास्तर मंडळींना बोलण्याचा अधिकार आहे, कारण समया पेटवण्याचा आम्हाला दांडगा सराव. स्नेहसंमेलन असो की विज्ञान प्रदर्शन, प्रमुख पाहुणे येतात, पंखा बंद करावा लागतो, वाती तेलात भिजलेल्या नसतात, फोटोग्राफर "साहेब, एकदा पुन्हा" म्हणतो. आणि गंमत अशी की ती अस्सल भारतीय समई पेटवण्यासाठी पाहुण्यांच्या हाती दिली जाते मेणबत्ती! चर्चमधली मेणबत्ती. त्या वेळी सरस्वतीचा धर्म बाटत नाही, कुणाच्या भावना दुखावत नाहीत, निवेदने जात नाहीत. मेणबत्तीने समई पेटलेली चालते, तर मेणबत्तीच्या घरी समई तेवलेली का चालू नये?

*

आता पुन्हा इंदूरकडे येतो, कारण या वादातला खरा निवाडा त्या शहराच्या रस्त्यावर झालेला आहे.

सिस्टर राणी मारिया ही केरळातली फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट जोगीण. देवास जिल्ह्यात उदयनगरच्या परिसरात आदिवासी शेतकऱ्यांमध्ये ती काम करी. सावकाराच्या पाशातून सुटा, बँकेचे कर्ज मागा, सरकारी योजनेवरचा आपला हक्क मागा, असे सांगणारी बाई. अशा बाईचे शत्रू निर्माण होतात ते तिच्या प्रार्थनेमुळे नव्हे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती उदयनगरहून बसने इंदूरला निघाली. वाटेत समंदरसिंग नावाच्या तरुणाने भरल्या बसमध्ये प्रवाशांच्या देखत तिला भोसकून ठार केले. एकेचाळीस वर्षांची होती. बसमधले कुणी पुढे झाले नाही. अंधार याहून निराळा काय असतो?

समंदरसिंगला जन्मठेप झाली. इंदूरच्या तुरुंगात स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती संन्यासी त्याला भेटत राहिले. आणि २००२ च्या रक्षाबंधनाला त्या खून झालेल्या जोगिणीची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीला मारणाऱ्या त्या हाताला तिने राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी त्या घराने शब्द टाकला. २००६ मध्ये तो सुटला. केरळात जाऊन त्या आईवडिलांपुढे उभा राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात सिस्टर राणी मारियाला धन्य घोषित करण्याचा सोहळा झाला तेव्हा समंदरसिंग तिथे हजर होता.

माझा दोन्ही पक्षांना प्रश्न आहे. राखी कुणाची? हिंदूंची ना? मग सेल्मी पॉल यांनी ती पळवली का? की तिने त्यांची श्रद्धा पातळ झाली? कुणाची हिंमत आहे त्या जोगिणीला विचारायची की हा धागा तू कुणाच्या परवानगीने घेतलास? राखीत जेवढा अर्थ आपण परंपरेने भरला आहे, त्याहून काकणभर अधिकच त्या दिवशी तुरुंगात तिच्यात भरला गेला. प्रथा जिच्या हातात अशी उजळते ती तिची होते. मालकी असलीच तर ती एवढीच.

सर्जनशील उपासना मी हिला म्हणतो. इथे वेदी नव्हती, समई नव्हती, गायकवृंद नव्हता. एका धर्मातला धागा होता, दुसऱ्या धर्मातली क्षमा होती आणि समोर गुन्हेगाराचे मनगट होते. अंधारात उजेड नेणे ही गोष्ट शब्दशः घडली. जे देऊळ ही गोष्ट विसरून नुसतीच पितळ घासत बसेल त्याची समई रिकामी आहे, आणि जो हिंदू ही गोष्ट ऐकूनही समईची चोरी मोजत बसेल त्याच्या देव्हाऱ्यातला दिवाही मला मंदच वाटतो.

*

तेव्हा निष्कर्ष मांडून थांबतो. ख्रिस्ती मंडळींनी उपासनेत मातृभाषा, तिची लय आणि तिचा दिवा निःसंकोच आणावा, पण तो उपासकांच्या घरातून आणावा, आणि पंगतीतले व दफनभूमीतले कुंपण मोडल्याशिवाय त्या दिव्याचा गवगवा करू नये. हिंदू मंडळींनी फसवणूक दिसली तर कायद्याकडे जावे. दिवा दिसला तर हात जोडावेत. मराठी शिक्षकांनी, आणि यात मी आलोच, स्टीफन्स आणि टिळक यांना अर्धे शिकवणे थांबवावे.

आणि सीमाभागातल्या आपण तर याबाबतीत अधिक जपून बोलले पाहिजे. तुमची भाषा इथली नाही, असे आपल्याला सत्तर वर्षे सांगितले गेले. ज्या मातीत आपल्या पिढ्या पुरल्या आणि जळल्या तिथेच आपल्याला आपण इथले असल्याचा पुरावा मागितला गेला. त्या अपमानाची चव ज्याच्या जिभेवर आहे, त्याने शेजाऱ्याला 'तुझा दिवा इथला नाही' किंवा 'हा दिवा तुझा नाही' असे म्हणू नये. यंदाच्या नाताळात गावच्या चर्चमध्ये समई तेवताना दिसली तर आत जाऊन बसा. पादत्राणे मात्र बाहेर काढा.